आगबोटीच्या सुरुवातीच्या काळात सेंट हेलेनाला टपाल कसं पोचायचं?

शाईची दौत

नमस्कार मंडळी. आजोबांचा तिकिटांचा अल्बम गेल्या महिन्यात माझ्या हाती आला. खादीच्या कापडात बांधलेला, पानं पिवळी पडलेली, पण तिकिटं शाबूत. त्यातलं एक तिकीट काही केल्या डोक्यातून जात नाही. सेंट हेलेनाचं आहे, गडद तांबडं, तरुण राणी व्हिक्टोरियाचा चेहरा. खाली मूळची ‘सिक्स पेन्स’ अशी किंमत आहे, ती काळ्या आडव्या रेघेने खोडलीय आणि वर काळ्याच अक्षरांत ‘वन पेनी’ छापलंय. शेजारी आजोबांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘नेपोलियनचे बेट’.

नकाशा काढून बघितला. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून कितीतरी लांब, चहूबाजूंनी नुसता अटलांटिक. आगबोटी नव्या होत्या तेव्हा, म्हणजे १८४० ते १८७० च्या सुमारास, अशा ठिपक्याएवढ्या बेटावर चार पत्रं टाकायला बोट कशाला थांबत असेल? तो खर्च कोण करायचं? आणि हे किंमत खोडायचं प्रकरण काय आहे? मी भूगोल शिकवते, त्यामुळे वाऱ्यांचं, प्रवाहांचं सांगितलंत तरी चालेल. कंटाळणार नाही.

इंजिनरूम

ताई, बोट बेटावर का थांबायची याचं उत्तर टपालखात्यात शोधू नका, बॉयलरमध्ये शोधा. जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

मी हर्णैचा. मर्चंट नेव्हीत इंजिनात ३१ वर्षं काढली. १९८६ च्या फेब्रुवारीत आमची बोट केप व्हर्डे बेटांपैकी साओ व्हिसेंते बेटावर, मिंडेलो बंदरात, एका पंपाच्या सुट्या भागासाठी अकरा दिवस नांगर टाकून पडली होती. ती खाडी म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड. कड मोडलेल्या वाटीत पाणी भरावं तशी गोल. तोंडाशी एक सुळका, त्यावर दीपगृह. पलीकडच्या डोंगराची कड अशी, की कुणी माणूस उताणा झोपलाय आणि त्याचं कपाळ, नाक, हनुवटी आभाळावर उमटलीय. झाड म्हणावं तर नावाला. वारा दिवसरात्र, आणि त्या वाऱ्यात वाळवंटाची बारीक धूळ. डेकवर सकाळी बोट फिरवलं की रेघ उमटायची. गोडं पाणी नाही. पूर्वी समोरच्या सांतो आंताव बेटावरून होड्यांनी आणायचे. मी एजंटाच्या लाँचवरच्या पोऱ्याला विचारलं, पाणी नसताना इथे शहर कसं काय वसलं? त्याने किनाऱ्यावरच्या कोळशाच्या पडक्या वखारींकडे हात केला. बस, एवढंच उत्तर.

१८३८ साली एका इंग्रज लेफ्टनंटने तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांसाठी पहिली कोळशाची वखार घातली. त्याआधी तिथे तुरळक वस्ती होती. मग जानेवारी १८५१ मध्ये रॉयल मेल स्टीम पॅकेट कंपनीची ‘टेव्हियट’ ही, बाजूच्या फिरत्या चाकांनी पाणी मागे लोटणारी बोट साउदॅम्प्टनहून ब्राझीलचं टपाल घेऊन निघाली. लिस्बन, मदेरा, तेनेरीफ, साओ व्हिसेंते, आणि तिथून महासागर ओलांडून पेर्नांबुको, बाहिया, रिओ. ही नावं एका ओळीत ठेवून बघा. मधली तिन्ही बेटं. त्याच्या आधी ब्राझीलचं आणि मदेराचं टपाल फाल्मथहून शिडाची जहाजं नेत होती.

आता बॉयलरकडे या. त्या काळचे बॉयलर समुद्राच्याच पाण्यावर चालायचे. पाण्याची वाफ झाली की मीठ आत राहतं, ते पत्र्यावर खपलीसारखं धरतं. म्हणून थोड्या थोड्या वेळाने तापलेलं खारट पाणी बाहेर सोडून नवं थंड पाणी आत घ्यायचं, म्हणजे फुकट उष्णता समुद्रात. दाबही फार ठेवता यायचा नाही. तेवढ्याच अंतराला नंतरच्या इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त कोळसा खायचा. त्यात दोन्ही बाजूंना चाकं. निघताना पोटात कोळसा गच्च, बोट खोल बसलेली, चाकं पाण्यात इतकी बुडालेली की फिरताना धापा टाकायची. आठ-दहा दिवसांनी कोळसा जळून बोट हलकी होऊन वर आली, की तीच चाकं पाण्याला जेमतेम टेकतात. म्हणजे एकदाच भरपूर कोळसा घेऊन सुटावं हा मार्गच बंद. थोडा घ्या, थांबा, पुन्हा घ्या. थांबायला जमीन लागते, आणि भर समुद्रात जमीन म्हणजे बेट.

मुंबईची ‘ह्यू लिंडसे’ याच दुखण्यातून गेलीय. आपल्याच गोदीत बांधलेली बोट. २० मार्च १८३० ला मुंबईहून सुएझला टपाल घेऊन निघाली. बांधणी साडेपाच दिवसांच्या कोळशाची, आणि एडनपर्यंतचा पल्ला त्याच्या दुप्पट. मग केबिनींतसुद्धा कोळसा भरला. अकराव्या दिवशी एडनला लागली तेव्हा सहा तासांचा कोळसा उरला होता. त्या इंजिनिअरचा जीव कसा टांगणीला लागला असेल ते मला विचारा.

आणि एक गोष्ट, जी मला आजही थक्क करते. बेटांवरच्या वखारीत कोळसा यायचा कुठून? वेल्समधून, कार्डिफकडचा, आणि तो आणायची शिडाची जहाजं. वाऱ्यावर चालणारी जहाजं महिनाभर आधी निघून कोळसा ठेवून यायची, तेव्हा कुठे आगबोट वेळेवर पोचायची. कोळशाचं जहाज वाऱ्याअभावी रखडलं की टपालाचं वेळापत्रकही रखडायचं.

खर्च कोणाचा, तर सरकारचा. या रॉयल मेल कंपनीची कल्पना जेम्स मॅक्वीन या स्कॉटिश माणसाची. ग्रेनाडात ऊसमळ्याचा कारभार पाहिलेला, मळेवाल्यांचा आणि गुलामगिरीचाही कट्टर कैवारी. हे विसरून त्याचं कौतुक करता येत नाही. १८३९ ला कंपनीला सनद मिळाली, आणि करार झाला वर्षाला २,४०,००० पौंडांचा. १४ बोटी बांधल्या, सगळ्यांना नद्यांची नावं: क्लाइड, टे, ट्वीड, थेम्स, ट्रेंट, मेडवे वगैरे. आपण गोदावरी, कृष्णा, भीमा ठेवू तशी. अट अशी की युद्ध झालं तर तोफा बसवता आल्या पाहिजेत. टपालाच्या थैल्यांवर नौदलाचा एक अधिकारी बोटीवर असायचा, आणि टपालाच्या बाबतीत त्याचा शब्द कप्तानालाही मोडता यायचा नाही.

जानेवारी १८४२ ला सेवा सुरू झाली. मॅक्वीनने कागदावर कॅरिबियनमधली इतकी बेटं एकमेकांना जोडली होती की एक बोट चुकली की तिच्यावर अवलंबून असलेल्या चार चुकायच्या. पहिल्याच वर्षी ‘मेदिना’ टर्क्स बेटांजवळच्या खडकांवर गेली आणि ‘आयसिस’ बर्म्युडाजवळ बुडाली. वर्ष संपायच्या आत सगळे मार्ग नव्याने आखावे लागले. पुढे २९ ऑक्टोबर १८६७ च्या चक्रीवादळात याच कंपनीची ‘ऱ्होन’ व्हर्जिन बेटांत सॉल्ट आयलंडच्या खडकावर आदळून फुटली. शंभराहून जास्त माणसं गेली. खाली आगवाले शेवटपर्यंत भट्ट्या पेटत्या ठेवत होते, कारण आधी नांगराला आधार म्हणून आणि नांगर गेल्यावर खुल्या समुद्रात निसटण्यासाठी इंजिन चालवत होते. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

मिंडेलोचं एक सांगून थांबतो. आमची पत्रं कंपनीचं ऑफिस पुढच्या बंदरातल्या एजंटाकडे पाठवायचं. मागच्या दोन बंदरांत आम्ही पत्रांच्या आधी निघून गेलो होतो, म्हणून मिंडेलोत घरची तीन पत्रं एकाच रबरबँडमध्ये मिळाली. मी हाताला लागलं ते आधी फोडलं. त्यात होतं, ‘वडील आता उठून बसतात.’ उठून बसतात म्हणजे? झालं काय होतं? मग शिक्क्यांच्या तारखा बघून तिन्ही लावली आणि पहिल्यापासून वाचली. दीड महिन्यापूर्वी त्यांना झटका आला होता, मी त्या वेळी ब्राझीलच्या किनाऱ्यावर साखर भरत होतो. त्या बेटावरचे लोक शंभर वर्षं अशीच पत्रं वाचत आले असतील, महिन्याची एकदम, तारखा लावून. आणि उत्तर लिहिलं तरी ते परतीची बोट येईपर्यंत पेटीतच.

दातेरी कड

इंजिनरूम काका, तुमची शेवटची ओळ वाचून जरा वेळ काही सुचेना.

ताई, तुमच्या तिकिटाविषयी. सेंट हेलेनाचं पहिलं तिकीट १ जानेवारी १८५६ चं, सहा पेन्सांचं, निळं, कडेला भोकं नसलेलं, कात्रीने कापून वापरायचं. लंडनच्या पर्किन्स बेकन छापखान्याने पोलादावर कोरून छापलेलं. सहा पेन्स हा ब्रिटनला जाणाऱ्या साध्या पत्राचा दर. म्हणजे बेटाला तिकीट हवं होतं ते मुळात बोटीत पडणाऱ्या पत्रासाठी. पुढे एक पेनी, चार पेन्स, एक शिलिंग अशा किमती लागल्या, पण एवढ्याशा बेटासाठी प्रत्येक किमतीचा नवा ठसा कोरणं परवडत नव्हतं. मग त्याच सहा पेन्सांच्या ठशावरून वेगवेगळ्या रंगांत तिकिटं छापायची आणि वर काळ्या शाईत नवी किंमत, जुनीवर रेघ. १८६३ पासून पुढे कित्येक वर्षं हेच चाललं. तुमचं तांबडं वन पेनी त्यातलंच. ती खोडाखोड मूळ आहे, कुणी मागाहून केलेली नाही. ओल्या चिमट्याने उचलू नका आणि कृपा करून सेलोटेप लावू नका.

मला स्वतःला आगबोटीचं सगळ्यात प्रिय तिकीट म्हणजे त्रिनिदादचं ‘लेडी मॅक्लाऊड’. १८४५ पासून या नावाची छोटी आगबोट पोर्ट ऑफ स्पेन आणि सान फर्नांडो यांच्यामध्ये माणसं, माल आणि पत्रं न्यायची. तिथे रस्ता धड नव्हता, बोट हाच रस्ता. सुरुवातीला पत्रांसाठी महिन्याला एक डॉलर वर्गणी होती. वर्गणी न भरणाऱ्यांची पत्रंही येत राहिली, त्यांच्याकडून रोख पैसे गोळा करणं जड जायला लागलं. म्हणून नवे मालक डेव्हिड ब्राइस यांनी एप्रिल १८४७ मध्ये स्वतःचं तिकीट काढलं. निळ्या जमिनीवर पांढरी बोट, धुराची रेघ, खाली बोटीच्या नावाची आद्याक्षरं. एक घेतलं तर पाच सेंट, शंभर घेतली तर चार डॉलर. तिकिटावर देशाचं नाव नाही, किंमत नाही. शिक्का नव्हता, म्हणून बोटीवरचा माणूस पेनाने फुली मारायचा किंवा कोपरा नखाने सोलून टाकायचा. एका प्रदर्शनात मी ते काचेमागे पाहिलंय. कोपरा सोललेला, आणि सोललेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहिलेले. कुणाच्या तरी नखाची खूण. मी तिथून हललोच नाही बराच वेळ.

बर्म्युडात तर हॅमिल्टनचे पोस्टमास्तर विल्यम पेरो यांनी १८४८ मध्ये स्वतःच्याच हाताने तिकिटं केली. लोक रात्री पेटीत पत्रं आणि नाणी टाकून जायचे, सकाळी पत्रं जास्त आणि पैसे कमी. मग त्यांनी तारखेच्या शिक्क्यातून दिवस-महिना काढून फक्त वर्ष ठेवलं, कागदावर शिक्के उमटवले, सही केली, कापून विकले. त्यांतली अगदी मोजकी उरली आहेत.

शाईची दौत

किती दिलंत तुम्ही दोघांनी! पण काका, एक अडतं. तुम्ही म्हणता कोळसा असेल तिथे टपाल. मदेरा आणि मिंडेलो वाटेवर आहेत, ते पटलं. सेंट हेलेना तर दक्षिणेला फार खाली. ते कुणाच्या वाटेवर होतं?

इंजिनरूम

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. भूगोलाच्या बाई आहात, तर व्यापारी वाऱ्यांपासूनच सुरुवात करू.

सेंट हेलेना आग्नेय व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात आहे. युरोपातून केपकडे, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे, जाणारं शिडाचं जहाज तिथे सरळ जाऊच शकत नाही, वारा समोरून. ते ब्राझीलच्या अंगाने लांब वळसा घेऊन खाली उतरायचं आणि मग पश्चिमी वाऱ्यांवर केपला. परतताना मात्र केप सोडलं की तोच आग्नेय वारा पाठीशी, आणि तो जहाजाला नेऊन बरोबर सेंट हेलेनावर सोडतो. म्हणून हिंदुस्थानातून, चीनमधून घरी निघालेली जहाजं तिथे थांबायची, गोडं पाणी आणि ताजी भाजी घ्यायची. १८३४ पर्यंत बेट ईस्ट इंडिया कंपनीकडेच होतं, मग राजसत्तेकडे गेलं. मुंबईहून परत निघालेला गोरा साहेब आठवड्यांनी पहिल्यांदा जमिनीवर पाय ठेवायचा तो अनेकदा इथेच.

शिडाच्या काळातला वेग बघा. नेपोलियन याच बेटावर कैदेत वारला ५ मे १८२१ ला, लंडनला कळलं ४ जुलैला. दोन महिने, आणि तेही खास बातमी म्हणून तातडीने पाठवलेलं.

मग आगबोटी आल्या. डिसेंबर १८५० मध्ये जनरल स्क्रू कंपनीची ‘बॉस्फरस’ केपला टपाल घेऊन निघाली, सुमारे ४० दिवसांत पोचली. ती कंपनी टिकली नाही. सप्टेंबर १८५७ पासून युनियन कंपनीने साउदॅम्प्टन ते केप करार घेतला, ४२ दिवसांत पोचवायचं. पहिली बोट ‘डेन’. गंमत अशी की ही कंपनी मुळात आगबोटींना कोळसा पोचवण्यासाठी काढलेली. केपच्या या टपालबोटींमुळे सेंट हेलेनाला ठरलेल्या तारखेला पत्रं मिळायला लागली. १८५६ चं तुमच्या तिकिटाचं घराणं याच काळातलं.

आणि इथेच मला वाईट वाटतं. ज्या वाफेने त्यांना तारखेवर पत्रं आणून दिली, तिनेच त्यांची जहाजं नेली. आगबोटीला वारा लागत नाही, म्हणजे वाऱ्याने आणून सोडलेल्या बेटाचीही गरज उरत नाही. १८६० नंतर इंजिनं सुधारली, कमी कोळशात लांब जायला लागली, थांबे गळायला लागले. १८६९ ला सुएझ कालवा उघडला आणि पूर्वेची वाहतूक केपचा रस्ताच सोडून गेली. १८५५ मध्ये या बेटावर सुमारे ११०० जहाजं लागली होती, १८८९ मध्ये २८८. पाणी विकणारे, भाजी पिकवणारे, होड्या वल्हवणारे, सगळ्यांचं पोट त्या जहाजांवर. तरुण मंडळी केपला कामाला निघून गेली, मग त्यांचीच पत्रं आणि त्यांनी पाठवलेले पैसे बोटीने यायला लागले. तार तिथे पोचली ती १८९९ मध्ये.

मी सेंट हेलेनाला उतरलेलो नाही, एकदा रात्री दिवे बघितले लांबून. पण जेम्सटाउनला उतरायची पद्धत ऐकून मला हर्णै आठवतं. धक्क्याला बोट लागत नाही. बाहेर नांगरायचं, होडीत उतरायचं, आणि पायऱ्यांशी वर टांगलेला दोर असतो तो लाट वर उचलेल त्या क्षणाला धरून उडी मारायची. आमच्याकडे मुंबईची बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव, म्हणजे मोठी होडी, जायचा. टपालाची थैली पडावात आधी टाकायचे, मग म्हाताऱ्यांना. माझी आजी सांगायची, थैली भिजू नये म्हणून पडाववाला तिच्यावर स्वतःची घोंगडी टाकायचा आणि माणसं भिजायची. सेंट हेलेनाला नियमित विमानसेवा सुरू झाली ती २०१७ मध्ये, आणि टपालाची बोट, नावही बेटाचंच, फेब्रुवारी २०१८ पर्यंत जात होती.

मिरज जंक्शन

काका, एक भर घालतो. माझे वडील रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर. रात्रभर डब्यात उभं राहून पत्रं लावायचे, पहाटे मिरजेला उतरायचे. तेच काम पूर्वी समुद्रावर चालायचं. १८६८ पासून मुंबई आणि सुएझदरम्यान, नंतर मुंबई आणि एडनदरम्यान, टपालबोटीवर समुद्री डाकघर होतं. विलायतेचं टपाल बोटीवरच गावागणिक लावून व्हायचं, म्हणजे बोट मुंबईला लागली की थैल्या थेट गाड्यांत. १९१४ ला युद्ध सुरू झालं तेव्हा ते बंद पडलं. डबा हलला तरी वडिलांचे पाय सुजायचे. डुलत्या बोटीत ते लोक खणांसमोर उभे कसे राहत असतील याचा मी अनेकदा विचार करतो.

शाईची दौत

तुम्हा सगळ्यांचं वाचून पुन्हा अल्बम उघडला. दातेरी कड, चिमटा कोरडाच वापरला. पान उलटून बघितलं तर मागच्या बाजूला आजोबांच्या अक्षरात आणखी एक ओळ आहे, ‘देवाणघेवाणीत, दोन हैदराबाद देऊन.’ म्हणजे आजोबांनी संस्थानची दोन तिकिटं देऊन हे मिळवलं होतं. कुणाकडून, ते नाव होतं बहुतेक, पण तेवढ्या जागी कसरीने खाल्लंय. भिंग आणून बघते, पहिलं अक्षर ‘ग’ असावं.